माईकची बहिरी बाजू : घरच्या स्टुडिओसाठी आणि रानातल्या ध्वनिमुद्रणासाठी डायरेक्शनल माईक कसा निवडावा

डायरेक्शनल माईक विकत घ्यायला निघालेल्या माणसाच्या मनात बहुतेक वेळा एक उपमा पक्की बसलेली असते. कॅमेऱ्याची झूम लेन्स जसा लांबचा पक्षी जवळ आणते, तसा लांब नळीचा माईक लांबचा आवाज जवळ ओढून आणतो, ही ती उपमा. ती चुकीची आहे, आणि तिच्यापायी पुष्कळ पैसे वाया जातात. डायरेक्शनल माईक कोणताही आवाज जवळ आणत नाही. समोरून येणारा आवाज तो आहे तसा घेतो आणि बाजूने किंवा मागून येणारे आवाज कमी घेतो, एवढेच त्याचे काम आहे. म्हणून खरेदीपूर्वी विचारायचा प्रश्न असा असावा : मला नको असलेला आवाज कोणत्या दिशेने येतो, तो खर्जातला आहे की टिपेचा, आणि हा माईक त्या दिशेला त्या पट्टीत किती बहिरा आहे?

मी शहरातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये रात्री अभिवाचन ध्वनिमुद्रित करतो, आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला आंबोलीला, उन्हाळ्याच्या तोंडावर भीमाशंकरच्या रानात आवाज टिपायला जातो. दोन्ही कामांसाठी एकच माईक चालेल का, हा प्रश्न मला अनेक जण विचारतात. त्याचे उत्तर 'काही अटींवर चालेल' असे आहे, आणि त्या अटी समजून घेतल्या की निवड बरीच सोपी होते.

आधी बहिरी दिशा पाहावी

माईकच्या माहितीपत्रकात एक गोल आलेख छापलेला असतो, त्याला पोलर पॅटर्न म्हणतात. हा आलेख पाहताना बहुतेकांचे लक्ष समोरच्या फुगीर भागाकडे जाते. पण समोर सगळेच माईक चांगले ऐकतात. माईकमाईकमधला फरक कळतो तो आलेख जिथे आत ओढला जातो तिथे, म्हणजे माईक ज्या दिशेला बहिरा असतो त्या दिशेला.

कार्डिऑइड, म्हणजे हृदयाकृती पॅटर्नचा, माईक बरोबर मागे, म्हणजे १८० अंशांवर, जवळजवळ पूर्ण बहिरा असतो आणि काटकोनात तो समोरच्यापेक्षा ६ डेसिबल कमी ऐकतो. सुपरकार्डिऑइड काटकोनात सुमारे ९ डेसिबल कमी ऐकतो, त्याची बहिरी दिशा अक्षापासून सुमारे १२६ अंशांवर असते, आणि त्या बदल्यात त्याला पाठीमागचे थोडे ऐकू येते, म्हणजे समोरच्यापेक्षा साधारण १२ डेसिबल कमी. हायपरकार्डिऑइड बाजूंना आणखी कठोर असतो. तो काटकोनात १२ डेसिबल कमी ऐकतो आणि सुमारे ११० अंशांवर बहिरा असतो, पण पाठीमागचा आवाज त्याला अवघा ६ डेसिबल कमी मिळतो. फिगर-एट माईक पुढचे आणि मागचे सारखेच ऐकतो, आणि त्याच्या दोन्ही कुशींना, तसेच थेट वर आणि खाली, बरोबर काटकोनात तो इतका बहिरा असतो की इतर कोणताही पॅटर्न त्याची बरोबरी करू शकत नाही. हे सगळे पॅटर्न एकाच कुटुंबातले आहेत. सगळीकडचे सारखे ऐकणारा ऑम्नी आणि फिगर-एट यांच्या मिश्रणाचे प्रमाण बदलले की यातला एकेक पॅटर्न तयार होतो. पूर्वी त्यासाठी एकाच खोक्यात दोन वेगळे घटक बसवत असत. १९३९ मध्ये बेंजामिन बाउअर यांनी शुअर कंपनीसाठी केलेल्या युनिडाइन माईकमध्ये एकाच पडद्याने हे काम साधले, आणि एकाच दिशेने ऐकणारा माईक आटोपशीर झाला.

आता हे आकडे खोलीत लावून पाहू. वैशाखात खोलीचा पंखा बंद करून तासभर अभिवाचन करणे कठीण असते. अशा वेळी माईक तोंडासमोर उभा ठेवण्याऐवजी स्टँडच्या आडव्या दांडीवरून तोंडाकडे ४५ अंशांत खाली कललेला ठेवावा. असे केले की डोक्यावरचा पंखा माईकच्या अक्षापासून सुमारे १३५ अंशांवर येतो. तिथे सुपरकार्डिऑइड जवळजवळ पूर्ण बहिरा असतो, आणि कार्डिऑइडही पंख्याचा सरळ येणारा आवाज १६-१७ डेसिबलांनी कमी करतो. पंख्याचा जो आवाज भिंतींवर आपटून पुन्हा समोरून येतो त्यावर मात्र कोणत्याही पॅटर्नचा इलाज नाही. त्यासाठी पंख्याचा वेग कमी करणे आणि बोलणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीवर जाड गोधडी टांगणे हेच खरे उपाय आहेत. माईकचे तोंड त्याच भिंतीकडे असते, म्हणून गोधडी आधी तिथे हवी. घरात चांगली गोधडी असेल तर ती माईकइतकीच कामाची वस्तू आहे, हे मी अनुभवावरून सांगतो.

दुसरे उदाहरण हार्मोनियम वाजवत स्वतःच गाणाऱ्या गायकाचे आहे. त्याचा गळा आणि पेटी वेगवेगळ्या ट्रॅकवर हवी असेल तर बहुतेक जण कार्डिऑइड माईक तोंडासमोर लावतात, आणि पेटीचा आवाज त्यात भरपूर शिरतो, कारण पेटी माईकच्या मागे नसून खाली असते आणि काटकोनात कार्डिऑइड फक्त ६ डेसिबल कमी ऐकतो. इथे फिगर-एट माईक घ्यावा, तो गायकाच्या ओठांच्या पातळीत आडवा रोखावा आणि त्याची बहिरी कूस पेटीकडे येईल अशा बेताने त्याचा कल हळूहळू बदलत हेडफोनवर ऐकत राहावे. पेटी जिथे सर्वांत पुसट होते तिथे स्टँडचा स्क्रू आवळावा. तबलजींना बाजूला, त्याच बहिऱ्या पातळीत बसवता आले तर आणखी चांगले. फक्त माईकच्या पाठीमागे मोकळी भिंत असू नये, कारण तो मागचेही तेवढेच ऐकतो.

माहितीपत्रकातला आलेख वाचताना आणखी एक दक्षता घ्यावी. त्यात एकच सुबक हृदयाकृती दाखवलेली असेल तर ती बहुधा १००० हर्ट्झची असते. चांगले उत्पादक १२५ हर्ट्झपासून ८००० किंवा १६००० हर्ट्झपर्यंतच्या अनेक रेषा एकाच आलेखात देतात. त्या रेषा एकमेकींना जितक्या जवळून समांतर जातात, तितका तो माईक बाजूने येणाऱ्या आवाजाचा पोत कमी बिघडवतो. बाजूचा आवाज कमी येणे ही एक गोष्ट झाली. जेवढा येतो तेवढा स्वच्छ येणे ही दुसरी, आणि घरगुती खोलीत ही दुसरी गोष्ट जास्त मोलाची ठरते.

डायरेक्शनल माईकचा तोंडाशी जवळीक साधण्याचा एक गुणधर्मही इथेच लक्षात घ्यावा. असा माईक ओठांजवळ आणला की खर्ज फुगतो. निवेदनाला त्यामुळे भरदारपणा येतो, पण डग्ग्याजवळ हाच माईक ठेवला तर घुमारा चिखलासारखा पसरतो. आवाजासाठी १५ ते २० सेंटिमीटर अंतर आणि मध्ये 'प', 'ब'ची फुंकर अडवणारी जाळी, म्हणजे पॉप फिल्टर, एवढे पथ्य पुरते.

शॉटगन माईकची नळी काय करते आणि काय करत नाही

शॉटगन माईक म्हणजे सुपरकार्डिऑइड किंवा तत्सम पॅटर्नची कॅप्सूल (आवाज टिपणारा मूळ घटक) आणि तिच्यापुढे खाचा पाडलेली एक लांब नळी. समोरून येणारा आवाज नळीतून सरळ कॅप्सूलपर्यंत जातो. बाजूने येणारा आवाज मात्र अनेक खाचांतून एकाच वेळी आत शिरतो, प्रत्येक खाचेपासून कॅप्सूलपर्यंतचे अंतर वेगळे असल्यामुळे त्याचे तुकडे थोडे मागेपुढे पोहोचतात आणि परस्परांना बरेचसे खोडून काढतात. ही खोडाखोड होण्यासाठी आवाजाची तरंगलांबी नळीच्या लांबीच्या तोडीची किंवा तिच्याहून लहान असावी लागते. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, म्हणून २५ सेंटिमीटर लांबीची नळी सुमारे १४०० हर्ट्झच्या वरच खरे काम करू लागते. त्याच्या खाली नळी असून नसल्यासारखी असते, आणि तुमच्या हातात उरतो तो साधा सुपरकार्डिऑइड माईक.

आंबोली घाटातून चढणाऱ्या ट्रकची घरघर १०० हर्ट्झच्या आसपास असते आणि तिची तरंगलांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते. ती घरघर कोणत्याही हातात मावणाऱ्या शॉटगन माईकने जाणार नाही. तिच्यासाठी माईकवरचा किंवा रेकॉर्डरवरचा लो-कट फिल्टर वापरावा, किंवा रस्त्यापासून टेकडीच्या आड जावे. मी दुसरा मार्ग अधिक पसंत करतो, कारण फिल्टरने ट्रकबरोबर रानाचा खर्जही जातो.

खोलीत तर ही नळी अपाय करू शकते. छोट्या खोलीत बोललेला शब्द भिंती, छत आणि फरशी यांवर आपटून सर्व बाजूंनी नळीत शिरतो. काही वारंवारता खोडल्या जातात, काही राहतात, आणि बोलणारा मान थोडी वळवतो तेव्हा हे प्रमाणही बदलते. परिणामी आवाज पोकळ, डब्यात बोलल्यासारखा येतो. म्हणून गादी, गोधड्या, पडदे यांनी शांत न केलेल्या खोलीत शॉटगन माईक घेऊ नये. तिथे आखूड सुपरकार्डिऑइड किंवा साधा कार्डिऑइड नेहमी उजवा ठरतो. सेनहायझरचा एमकेएच ४१६ हा शॉटगन माईक व्यावसायिक व्हॉइस-ओव्हरच्या कामात मोठ्या प्रमाणावर वापरला जातो हे खरे आहे, पण त्या ठिकाणी खोली ध्वनिशोषक साहित्याने मढवलेली असते आणि माईक तोंडापासून वीतभर अंतरावर असतो. केवळ तो माईक आणून तो आवाज घरी येत नाही.

रानात निकष बदलतात

घरात २० सेंटिमीटरवरून बोलणाऱ्या माणसाचा आवाज माईकपाशी साधारण ७५ डेसिबल असतो, आणि शहरी फ्लॅटची रात्रीची शांतता बहुधा ३० ते ४० डेसिबलांच्या घरात असते. अशा ठिकाणी माईकची अंगभूत खरखर ५ डेसिबल आहे की १८, याने फारसे काही बिघडत नाही, कारण खोलीचाच आवाज तिला झाकून टाकतो. रानात नेमके उलटे असते. वारा पडलेल्या रात्री ध्वनिपातळी २५ डेसिबलपर्यंत उतरू शकते, आणि मग माईकची खरखर थेट ध्वनिमुद्रणात दिसते. म्हणून रानासाठी माईक निवडताना पॅटर्नच्याही आधी दोन आकडे पाहावेत : अंगभूत खरखर, जी माहितीपत्रकात 'सेल्फ नॉइज' म्हणून ए-वेटेड, म्हणजे कानाच्या संवेदनशीलतेनुसार जुळवलेल्या, डेसिबलमध्ये दिलेली असते, आणि संवेदनशीलता, जी पास्कलमागे (पास्कल हे ध्वनिदाबाचे एकक) मिलिव्होल्ट अशी दिलेली असते. काही उत्पादक खरखरीचा आकडा आयटीयू ४६८ या वेगळ्या पद्धतीने देतात. तो ए-वेटेड आकड्यापेक्षा साधारण १० ते १२ डेसिबलांनी मोठा दिसतो, म्हणून तुलना करताना दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे आहेत याची खात्री करावी.

हे आकडे प्रत्यक्षात काय करतात ते एका हिशेबाने कळेल. १ पास्कल म्हणजे ९४ डेसिबल. समजा, रानातला आवाज २५ डेसिबल आहे, म्हणजे १ पास्कलपेक्षा ६९ डेसिबल खाली. शुअरचा एसएम ५७ हा मजबूत आणि प्रसिद्ध डायनॅमिक (चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यावर चालणारा) माईक १ पास्कलला १.६ मिलिव्होल्ट देतो. २५ डेसिबलला तो सुमारे अर्धा मायक्रोव्होल्ट देईल. एखाद्या हातातल्या रेकॉर्डरच्या प्रीॲम्पची, म्हणजे माईकचा क्षीण संकेत वाढवणाऱ्या भागाची, स्वतःची खरखर −१२० डीबीयू (विद्युतदाबाच्या पातळीचे एकक) असेल, तर ती सुमारे ०.७७ मायक्रोव्होल्ट होते. म्हणजे रानाचा आवाज रेकॉर्डरच्या खरखरीतच बुडून गेला. त्याच ठिकाणी १ पास्कलला २५ मिलिव्होल्ट देणारा एमकेएच ४१६ जवळजवळ ९ मायक्रोव्होल्ट देतो; त्याची स्वतःची १३ डेसिबलची खरखर २.२ मायक्रोव्होल्ट होते, आणि रेकॉर्डरची खरखर तिच्याखाली झाकली जाते. तबल्यासमोर किंवा अँपसमोर उत्तम असलेला डायनॅमिक माईक रानात का निरुपयोगी ठरतो, याचे उत्तर या दोन ओळींत आहे.

याच हिशेबाची दुसरी बाजूही पाहावी. रोड कंपनीचा एनटी१-ए हा मोठ्या पडद्याचा कार्डिऑइड माईक मुळात स्टुडिओसाठी आहे, पण त्याची खरखर अवघी ५ डेसिबल असल्यामुळे निसर्गाचे आवाज टिपणारे अनेक जण तो वापरतात. त्याची संवेदनशीलताही २५ मिलिव्होल्ट आहे. तेव्हा त्याची खरखर सुमारे ०.९ मायक्रोव्होल्ट होते, आणि ०.७७ मायक्रोव्होल्टची खरखर असलेला रेकॉर्डर जोडला तर त्या शांत माईकचा बराचसा फायदा रेकॉर्डरच खाऊन टाकतो. −१२७ डीबीयूचा रेकॉर्डर घेतला तर त्याची खरखर ०.३५ मायक्रोव्होल्टवर येते आणि मग माईकला दिलेले पैसे वसूल होतात. थोडक्यात, माईक आणि रेकॉर्डर ही एकच खरेदी आहे असे समजून दोन्हींचे आकडे शेजारी ठेवूनच निर्णय घ्यावा. शॉटगन प्रकारात रोडचा एनटीजी२ १८ डेसिबल खरखरीचा आहे आणि एनटीजी३ १३ डेसिबलचा. संवाद टिपण्यासाठी पहिला पुरतो, पहाटेच्या रानासाठी दुसरा हवा.

दिशेपेक्षा अंतर मोठे

सर्व बाजूंनी सारख्या येणाऱ्या गोंगाटातून समोरचा आवाज वेगळा काढण्यात कार्डिऑइड माईक ऑम्नीपेक्षा ४.८ डेसिबलांनी सरस असतो आणि हायपरकार्डिऑइड ६ डेसिबलांनी. मोकळ्या जागेत आवाजापासूनचे अंतर निम्मे केले की आवाज ६ डेसिबलांनी वाढतो. हे दोन आकडे एकत्र वाचावेत. झाडावर बोलणाऱ्या तांबटापासून तुम्ही २० मीटरवरून १० मीटरवर गेलात, तर साध्या ऑम्नी माईकने तुम्हाला तेवढेच मिळाले जेवढे जागा न बदलता हायपरकार्डिऑइड माईक घेऊन मिळाले असते. मला या सबंध विषयात सर्वांत जास्त शिकवले ते या तुलनेने. पक्ष्याच्या आवाजाचे सर्वांत जुने मानले जाणारे ध्वनिमुद्रण १८८९ मध्ये लुडविग कोख यांनी लहानपणी फ्रँकफुर्टमध्ये एडिसनच्या फोनोग्राफवर केले, आणि तो पक्षी आपल्या सह्याद्रीतही आढळणारा श्यामा होता. तो पाळलेला होता, म्हणून यंत्राजवळ आणता आला. रानातला श्यामा असा जवळ येत नाही, आणि आपण त्याच्या फार जवळ जाऊही नये.

मग अंतर कमी कसे करावे? माईक पुढे ठेवावा आणि आपण मागे जावे. माईकची एक्सएलआर केबल बॅलन्स्ड असते, म्हणजे वाटेत तिच्यात शिरलेला विद्युत गोंगाट खोडला जातो, त्यामुळे ३० मीटर लांबीची केबल टाकूनही आवाजात जाणवण्यासारखी घट होत नाही. शीळकरी कस्तूर रोज पहाटे ओढ्याकाठच्या ज्या दगडावर येऊन शीळ घालतो, तो दगड आदल्या दिवशी दुर्बिणीतून पाहून ठेवावा, अंधार असतानाच लहान तिकाटण्यावर माईक लावावा, आणि तीसेक मीटर मागे बसून वाट पाहावी. ओढ्याची खळखळ ही सर्व वारंवारतांची असते आणि तीच मोठी अडचण असते. म्हणून माईकची जागा ठरवताना पक्षी समोर आणि ओढा बहिऱ्या दिशेला येईल असा कोन शोधावा. घरट्याजवळ माईक लावू नये, पक्ष्याला बोलावण्यासाठी त्याचाच आवाज वाजवू नये, आणि अभयारण्यात वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय उपकरणे ठेवू नयेत. चांगले ध्वनिमुद्रण मिळाले नाही तरी चालेल, पण त्या जिवाला त्रास होता कामा नये.

जिथे जवळ जाणे शक्यच नाही, तिथे पॅराबोलिक डिश हे एकमेव असे साधन आहे जे आवाज खरोखर गोळा करून वाढवते. कॉर्नेल विद्यापीठातल्या पक्षी-अभ्यासकांनी १९३० च्या दशकातच ते वापरायला सुरुवात केली होती. पण तिथेही तरंगलांबीचा नियम सुटत नाही. ५५ ते ६० सेंटिमीटर व्यासाची डिश सुमारे ६०० हर्ट्झच्या वर उपयोगी पडते, आणि तिथून पुढे वारंवारता दुप्पट होताना तिची वाढ साधारण ६ डेसिबलांनी चढत जाते. त्यामुळे सुभगाची किंवा नाचणाची शीळ ती अप्रतिम पकडते, तर काहीशे हर्ट्झवर घुमणारे घुबड तिच्यात पातळ, बिनपोटाचे ऐकू येते. एका जातीच्या आवाजाची ओळख पटवणारी नोंद करायची असेल तर डिश घ्यावी. सकाळच्या रानाचे संपूर्ण वातावरण टिपायचे असेल तर घेऊ नये. वातावरणासाठी मुळात डायरेक्शनल माईकच लागत नाही. प्रिमोच्या ईएम १७२ सारख्या १४ डेसिबल खरखरीच्या छोट्या ऑम्नी कॅप्सूलची जोडी, झाडाच्या खोडाच्या दोन बाजूंना लावलेली, हे काम कमी खर्चात सुरेख करते.

दमट हवा आणि वारा

सह्याद्रीत पावसाळ्यात काम करणाऱ्याने या भागाकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे. साध्या कंडेन्सर, म्हणजे विद्युतभारित पडद्यावर चालणाऱ्या, माईकची कॅप्सूल अतिशय उच्च विद्युतरोधावर काम करते. तिच्यावर ओल बसली की विद्युतभार पाझरू लागतो आणि तडतड, फसफस असे आवाज येतात. आंबोलीत जूनमधल्या एका रात्री पाणथळीत बेडकांचा गजर ऐन भरात असताना माझा चांगला स्टुडिओ माईक असाच तडतडू लागला आणि पहाटेपर्यंत पूर्ण बंद पडला. माईकचा त्यात दोष नव्हता. तो कोरड्या खोलीसाठी बनवलेला होता आणि मी त्याला धुक्यात नेले होते. सेनहायझरची एमकेएच मालिका आणि रोडचा एनटीजी३ हे माईक आरएफ पद्धतीने, म्हणजे उच्च वारंवारतेच्या विद्युतलहरीच्या साहाय्याने आणि कमी रोधावर चालतात, त्यामुळे दमट हवेत ते बरेच अधिक टिकाव धरतात. कोकण, घाटमाथा आणि गोवा या पट्ट्यात पावसात काम करणार असाल, तर खरेदीच्या यादीत ही गोष्ट खरखरीच्या आकड्याच्या खालोखाल ठेवावी.

साधा कंडेन्सर माईक घेतलाच असेल तर वातानुकूलित गाडीतून उतरल्यावर लगेच तो उघड्यावर काढू नये. थंड धातूवर दव धरते. बंद पिशवीतच तो अर्धा तास बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा, आणि परतल्यावर सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा. पाऊस थांबल्यावरही झाडांवरून थेंब गळत राहतात आणि माईकच्या आवरणावर ते ढोलासारखे वाजतात. मी वर वीतभर अंतरावर काथ्याच्या पायपुसण्याचा तुकडा छतासारखा बांधतो, त्यावर थेंब फुटून मुरतो आणि त्याचा आवाज होत नाही.

वाऱ्याबद्दल थोडक्यात, पण आग्रहाने सांगतो. डायरेक्शनल माईक वाऱ्याला आणि हाताच्या कंपनांना ऑम्नीपेक्षा कितीतरी अधिक हळवा असतो. सोबत मिळणारी फोमची टोपी घरात पुरते. बाहेर झुळूक आली तरी ती अपुरी पडते. माईक रबरी झोळीत टांगून त्याभोवती पोकळ जाळीदार कवच आणि त्यावर केसाळ कापड, ही रचना रानात अनिवार्य आहे. त्यासाठी पैसे उरत नसतील तर एक पायरी खालचा माईक घ्यावा, पण कवच घ्यावे.

एकच माईक घ्यायचा असेल तर

घरी अभिवाचन, कधी तबला किंवा सतार, आणि वर्षातून चार-सहा वेळा रान, असे काम असणाऱ्याने आखूड, पेन्सिलसारखा, लहान पडद्याचा सुपरकार्डिऑइड कंडेन्सर माईक घ्यावा. त्याची खरखर १५ डेसिबलपेक्षा जास्त नसावी आणि संवेदनशीलता १५ मिलिव्होल्टच्या वर असावी. सेनहायझर एमकेएच ८०५० हे या प्रकारातले उत्तम उदाहरण आहे, परंतु ते महाग आहे. याच ढाच्याचे स्वस्त माईकही मिळतात आणि वरचे निकष लावून ते पारखता येतात. काम मुख्यतः रानातले आणि जातवार नोंदींचे असेल तर आखूड शॉटगन घ्यावी, आणि तीच घरी वापरायची असल्यास गोधड्यांचा कोपरा आधी तयार करावा. पावसात कधीच जाणार नसाल आणि स्टुडिओचे काम जास्त असेल तर कमी खरखरीचा मोठ्या पडद्याचा कार्डिऑइड सर्वांत स्वस्तात सर्वांत शांत आवाज देतो. कोणताही घेतला तरी रेकॉर्डर ४८ व्होल्टची फँटम पॉवर (केबलमधूनच माईकला मिळणारी वीज) देतो का, आणि ती चालू ठेवून त्याची बॅटरी किती तास टिकते, हे विचारून घ्यावे. पहाटे चार वाजता सुरू केलेले ध्वनिमुद्रण सहा वाजता बंद पडले तर नेमका पक्ष्यांचा गजर हुकतो.

शक्य असेल तर विकत घेण्यापूर्वी माईक एक-दोन दिवस भाड्याने आणावा. मुंबईत चित्रीकरणाची साधने भाड्याने देणारे पुष्कळ व्यावसायिक आहेत, आणि एक दिवसाचे भाडे चुकीच्या खरेदीपेक्षा फार कमी असते. घरी आणल्यावर रात्री दोन वाजता माईक कपड्यांच्या कपाटात पांघरुणांच्या मध्ये ठेवून, पातळी पूर्ण वाढवून पाच मिनिटे ध्वनिमुद्रण करावे; जे ऐकू येते ती माईक आणि रेकॉर्डर यांची एकत्रित खरखर असते. नंतर माईक खोलीच्या मध्यभागी ठेवून त्याच्याभोवती हातभर अंतरावरून एकाच आवाजात एखादा परिच्छेद वाचत फेरी मारावी, आणि पुन्हा किल्ल्यांचा जुडगा हलवत एक फेरी मारावी. पहिल्या फेरीत शब्द कुठे पुसट होतात ते कळेल आणि दुसऱ्या फेरीत टिपेचा आवाज बाजूला गेल्यावर नुसता कमी होतो की बिघडतो ते कळेल. या दोन्ही फेऱ्या हेडफोनवर ऐकताना बहिरी दिशा जिथे लागेल तिथे माईकच्या अंगावर पांढऱ्या पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवावी. पंख्याखाली आणि ओढ्याकाठी माईक लावताना हीच खूण पाहून कोन ठरवायचा असतो.